वडीलकीचा मान आणि स्वतःची वाट

रायपुरात बुढा तलावाच्या बाजूला संध्याकाळी फिरावयास निघाले म्हणजे सप्रे शाळेचे मैदान लागते. पाटीवरील आडनाव मराठी आहे, हे ध्यानात येऊनही बदलीच्या पहिल्या वर्षात आम्ही त्याची विचारपूस केली नाही. नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्यांचे असेच होते. कचेरी, बिऱ्हाड आणि गावाकडून येणारे पत्र, एवढ्यातच मन गुंतलेले असते. पुढे पंडित माधवराव सप्रे यांचे चरित्र वाचनात आले, आणि त्या पत्रांशीच या नावाचा संबंध असल्याचे जाणवले.

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. घर मराठी, परिस्थिती बेताची. शिक्षण बिलासपूर, रायपूर असे ठिकठिकाणी झाले, आणि त्याचा भार थोरले बंधू बाबूराव यांनी वाहिला. मराठीत बापाला 'वडील' म्हणतात, तसेच थोरल्या भावालाही 'वडील बंधू' म्हणतात. सप्रे यांच्या घरी या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच माणसाच्या ठायी होते.

पदवीधर तरुणाने सरकारी नोकरी धरावी, ही त्या काळी प्रत्येक घराची अपेक्षा असे. माधवरावांच्या सासरच्या मंडळींनी तशी खटपटही केली होती. परंतु त्यांनी ती वाट नाकारली, पेंड्रा येथील राजकुमाराची शिकवणी पत्करली, आणि जानेवारी १९०० मध्ये तेथूनच 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. रामराव चिंचोलकर हे संपादनात सोबतीला आणि वामन बळीराम लाखे हे प्रकाशक; म्हणजे तिघेही मराठी. तीन वर्षांत पैशाच्या ओढीने मासिक बंद पडले. तरीही घरच्यांनी त्यांना अडविल्याचे दिसत नाही. खरी कसोटी पुढेच होती.

१९०७ साली लोकमान्यांच्या 'केसरी'तील विचार हिंदी वाचकांपर्यंत नेण्यासाठी माधवरावांनी नागपुरास 'हिंद केसरी' सुरू केला. २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, आणि पुढच्याच महिन्यात राजद्रोहाच्या कलमाखाली माधवरावांना अटक झाली. माफी लिहून दिल्यास सुटका होईल, असा मार्ग मोकळा होता. ते तयार नव्हते. तेव्हा बाबूराव तुरुंगात भेटीस आले. सही न केल्यास आपण जीव देऊ, असे ते निर्वाणीचे बोलले, असे चरित्रकार सांगतात. ज्या हाताने लहानाचे मोठे केले, तोच हात पुढे पसरलेला पाहून माधवरावांनी सही केली.

ते सुटून आले, पण ती सही त्यांच्या मनातून सुटली नाही. भावाला त्यांनी दोष दिला नाही. प्रायश्चित्त स्वतःच घेतले. वर्ध्याकडील हनुमानगडावर श्रीधर विष्णु परांजपे या रामदासी सत्पुरुषाच्या सहवासात ते राहिले, मधुकरी मागून जेवले, आणि दासबोधाच्या चिंतनात रमले. पुढे त्या ग्रंथाचा त्यांनी हिंदी अनुवाद केला.

येथे आम्हांस एक योग विलक्षण वाटतो. समर्थ रामदास 'सावधान' हा शब्द ऐकताच बोहल्यावरून निघून गेले, अशी परंपरागत कथा आहे. जांब गावी आई आणि थोरले बंधू मागे राहिले. समर्थांनी कोणाची अनुज्ञा मागितली नाही. पण पुष्कळ वर्षांनी ते आईच्या दर्शनास आले, असेही तीच परंपरा सांगते. भावाच्या शब्दाखातर थांबलेल्या माणसाने त्या निघून गेलेल्या माणसाचा ग्रंथ उराशी धरावा, यात त्याच्या मनाची उलघाल दिसते.

त्यानंतरचा योग त्याहूनही मोठा. लोकमान्यांचे 'गीतारहस्य' १९१५ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याचा माधवरावांनी केलेला हिंदी अनुवाद १९१६ साली निघाला. समोर आजा आणि गुरू उभे पाहून अर्जुनाने धनुष्य खाली ठेवले, तेथून गीता सुरू होते. तो प्रसंग माधवरावांना पुस्तकातून समजून घ्यावा लागला नसेल. ज्या नेत्याच्या कार्यात आपण कमी पडलो असे त्यांना वाटत होते, त्याच्याच ग्रंथाची सेवा करून त्यांनी लेखणी पुन्हा हाती घेतली. रायपुरात त्यांनी मुलींची शाळा काढली. १९२४ साली देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. २३ एप्रिल १९२६ रोजी याच शहरी त्यांचा देह पडला.

बाबूराव चुकले काय? आम्हांस तसे म्हणवत नाही. त्यांनी भावाचा जीव पाहिला, भावाने देश पाहिला. परंतु अनुज्ञा ही प्रेमाने द्यावयाची वस्तू आहे. धाकाने घेतलेला होकार देणाऱ्याला आयुष्यभर सलतो, हे या चरित्रावरून स्पष्ट होते. आणि सल उरला तरी वाट संपत नाही, हेही तितकेच स्पष्ट होते.

आमच्यापैकी पुष्कळजण वडिलांच्या इच्छेनेच या नोकरीत आलो. आम्हांस इतिहासाचे अध्यापन करावयाचे होते. वडिलांनी पेन्शनचा हिशेब मांडला, आणि आम्ही स्पर्धापरीक्षेचा अर्ज भरला. त्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र कचेरी सुटल्यावर जुन्या रायपूरचा इतिहास धुंडाळण्याचा नाद आम्हांस जडला आहे, तो अद्याप आम्ही घरी कळविलेला नाही. वडील अजून कार्डावरच लिहितात, आणि दर खेपेस बदली कधी, एवढेच विचारतात. या खेपेच्या उत्तरात माधवराव आणि बाबूराव यांची हकीकत सविस्तर लिहून पाठवावी, असे आम्ही योजिले आहे.