अमर्याद कोठारांची कथा

गेल्या उन्हाळ्यांत माझी भाची चार दिवसांसाठीं आमच्या घरीं आली होती. ती एका विद्यापीठांत संशोधन करते. एके सायंकाळीं तिनें विद्यापीठाच्या कचेरीकडून आलेलें एक पत्र मला वाचून दाखविलें. तिच्या ई-मेलच्या खात्यानें नेमून दिलेल्यापेक्षां अधिक जागा व्यापिली आहे, ती तीस दिवसांत आटोक्यांत न आणल्यास नवीं पत्रें स्वीकारलीं जाणार नाहींत, असा त्याचा मथितार्थ होता. "मामा, मीं प्रवेश घेतला तेव्हां जागेला मर्यादाच नाहीं म्हणून सांगितलें होतें," ती म्हणाली.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारी हयात शाळेंत घालविलेला मनुष्य. यंत्रविद्येंत माझी गति बेताचीच. परंतु शाळेचें दप्तर सांभाळण्याचें काम माझ्याकडे पुष्कळ वर्षें होतें. त्यामुळें कागद किती ठेवावे आणि किती टाकावे हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. ही मर्यादा आली कोठून आणि ती अमर्यादा गेली कोठें, ह्याचा मीं थोडा मागोवा घेतला. तोच आज श्रोत्यांपुढें ठेवीत आहें.

आरंभ विद्यापीठांतच झाला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. अमेरिकेंतील एम्.आय्.टी. ह्या संस्थेंत एकच मोठा संगणक अनेकांनीं वांटून वापरावयाची योजना १९६० नंतरच्या वर्षांत सुरू झाली. तिचें नांव सी.टी.एस्.एस्. १९६५ सालीं टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस ह्या दोघांनीं तींत पत्र पाठविण्याची सोय केली. ज्याच्या नांवें पत्र असे त्याच्या खात्यांतील 'मेल बॉक्स' नांवाच्या फाइलीच्या शेवटीं तें जोडलें जाई. यंत्र एक आणि वापरणारे अनेक, तेव्हां प्रत्येकाचा जागेचा वांटा ठरलेला असे. म्हणजे विद्यापीठीय टपालाच्या जन्मापासूनच मर्यादा त्याच्या पाळण्याशीं बसलेली होती. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र धाडण्याची युक्ति रे टॉमलिन्सन ह्यांनीं १९७१ सालीं काढली. पत्त्यांतील तें वाटोळें चिन्ह त्यांचेंच.

पुढें युनिक्स ही प्रणाली विद्यापीठांत पसरली. तेथें सर्वांचीं पत्रें बहुधा एकाच सामायिक तबकडीवर येऊन पडत. एखाद्यानें ती भरून टाकली कीं त्याचें प्रायश्चित्त साऱ्या विभागास भोगावें लागे. १९८३ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेनें युनिक्सची जी सुधारलेली आवृत्ति काढली, तींत मेलबर्न विद्यापीठाच्या रॉबर्ट एल्झ ह्यांनीं केलेली वांट्याची व्यवस्था होती. तींत मर्यादा दोन असत, एक मऊ आणि एक कठीण. मऊ मर्यादा ओलांडली कीं सूचना मिळे आणि आवरासावर करण्यास कांहीं सवड मिळे. कठीण मर्यादेपुढें मात्र एक अक्षरही जात नसे. माझ्या भाचीस आलेलें पत्र हें त्या मऊ मर्यादेचेंच वंशज होय.

आपल्याकडे हें वारें फार उशिरां आलें असें नाहीं. १९८६ सालीं 'अर्नेट' ही शिक्षणसंस्थांना जोडणारी योजना सुरू झाली, आणि लवकरच मुंबईंतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आय्.आय्.टी. ह्यांच्यामध्यें टेलिफोनच्या तारेवरून पत्रें जाऊं येऊं लागलीं. सामान्य माणसास इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ नंतर.

१९९६ सालीं सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ ह्यांनीं 'हॉटमेल' काढलें. पत्रें फुकट, परंतु जागा पुढेंही दोनच मेगाबाइट. आज दूरध्वनीनें काढलेलें एक छायाचित्र तेवढ्यांत मावणार नाहीं. त्या काळीं लोक पत्र वाचीत आणि पुसून टाकीत. दारांतला सडा रोज काढावा तसें तें नित्यकर्म होतें. १ एप्रिल २००४ रोजीं गूगलनें एक गिगाबाइट, म्हणजे त्याच्या पांचशेंपट जागा देऊं केली, तेव्हां दिवस पाहून कित्येकांनीं ही थट्टाच समजली. ती थट्टा नव्हती. आतां पुसण्याचें कारणच नाहीं, सर्व ठेवा आणि हवें तें शोधून काढा, अशी ती शिकवण होती. आरंभीं तर पुसण्याची कळसुद्धां ठळक जागीं नव्हती, ती यादींत आंत दडविलेली असे. माझ्या मतें ह्या एका कळीच्या अभावानें लोकांची संवय जेवढी बदलली, तेवढी कोणत्याही जाहिरातीनें बदलली नसेल.

२००६ सालीं हीच सोय विद्यापीठांना विनामूल्य मिळूं लागली. ॲरिझोना राज्य विद्यापीठानें ती त्याच वर्षीं स्वीकारली आणि इतरांनीं तिचें अनुकरण केलें. स्वतःचीं यंत्रें, तीं राखणारीं माणसें, विजेचें बिल, सारेंच वांचलें. चालकांना मोह पडला ह्यांत नवल नाहीं. सप्टेंबर २०१४ मध्यें तर शिक्षणसंस्थांसाठीं जागा अमर्याद केल्याचें गूगलनें जाहीर केलें. त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टनेंही आपल्या वर्गणीदारांना अमर्याद जागा देऊं केली होती. परंतु नोव्हेंबर २०१५ मध्यें ती काढून घेतली. कांहीं थोड्यांनीं प्रत्येकीं ७५ टेराबाइटांहून अधिक, म्हणजे सरासरीच्या १४,००० पट जागा अडविली, असें कारण तेव्हां सांगितलें गेलें. तो इशारा विद्यापीठांनीं मनावर घेतला नाहीं.

ह्या कोठारांना लोक 'क्लाउड' म्हणजे ढग म्हणतात. नांव काव्यमय खरें, पण ढग जमिनीवरच आहे. तबकड्यांनीं भरलेल्या अवाढव्य इमारती, अहोरात्र वीज आणि यंत्रें थंड ठेवण्याची खटपट असें त्याचें खरें रूप. त्याचा खर्च कोणीतरी भरीतच होता.

फेब्रुवारी २०२१ मध्यें गूगलनें जाहीर केलें कीं, जुलै २०२२ पासून प्रत्येक संस्थेस सर्वांत मिळून १०० टेराबाइट जागा विनामूल्य राहील. अधिक हवी असल्यास दाम मोजावा. मायक्रोसॉफ्टनेंही ऑगस्ट २०२४ पासून तसाच १०० टेराबाइटांचा सामायिक आंकडा लागू करण्यास आरंभ केला. एखाद्या लहान शाळेस हें कोठार कधींच भरणार नाहीं. परंतु पन्नास हजार खात्यांच्या विद्यापीठांत साधा भागाकार करून पाहा, प्रत्येकाच्या वांट्यास दोन गिगाबाइट येतात. रस्त्यावरच्या कोणालाही गूगलचें खासगी खातें उघडून २०१३ पासून १५ गिगाबाइट फुकट मिळतात! विद्वानाची जागा सामान्याहून कमी झाली ती अशी. मग अनेक विद्यापीठांनीं विद्यार्थी, अध्यापक, निवृत्त, माजी विद्यार्थी असे स्तर पाडले. आजन्म खात्याचें वचन मिळालेल्या माजी विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांचीं खातीं मिटलीं.

घाईनें केलेली सफाई किती महाग पडते, ह्याचें उदाहरण जपानांत घडलें. डिसेंबर २०२१ मध्यें क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर जुन्या नोंदी पुसून टाकणारा एक कार्यक्रम चालूं असतांनाच त्यांत बदल केला गेला. त्या गोंधळांत नोंदींऐवजीं संशोधकांच्या सुमारें ३ कोटी ४० लक्ष फाइली, ७७ टेराबाइट, नाहींशा झाल्या. चौदा गटांस झळ पोंचली. त्यांतील चारांचें काम परत मिळण्याजोगें नव्हतें.

म्हणून आम्ही मामा-भाची बेतानें बसलों. आमच्या शाळेंत दप्तराचे चार वर्ग असत: 'अ' कायमचें, 'ब' तीस वर्षें, 'क' दहा वर्षें आणि 'ड' एक वर्ष. जनरल रजिस्टर 'अ' मध्यें, रजेचे अर्ज 'ड' मध्यें. तिच्या खात्याचे तसेच वर्ग पाडले. आश्चर्य असें कीं पत्रांचा भार फारच थोडा निघाला. भार होता तो पत्रांस जोडलेल्या वस्तूंचा. एकाच प्रबंधाचे सतरा मसुदे आलेल्या पत्रांत होते आणि पाठविलेल्या पत्रांतही होते. व्याख्यानांची चलच्चित्रें होतीं, तीं एकदांही उघडलेलीं नव्हतीं. दहा मेगाबाइटांहून मोठीं पत्रें निराळीं काढण्याची सोय आहे, तिनें काम पुष्कळ हलकें झालें. पुसलेलें पत्र तीस दिवस कचऱ्याच्या पेटींत राहतें आणि तोंवर जागा अडवितें, हें मला त्या रात्रीं कळलें. जपण्याजोगें सारें आधीं दोन निरनिराळ्या तबकड्यांवर उतरविलें आणि मगच पुसलें.

'अ' वर्गाची यादी करतांना भाचीनें तिच्या मार्गदर्शक बाईंच्या टिपा शोधल्या. बाई आदल्या वर्षीं वारल्या. प्रबंधाच्या प्रत्येक प्रकरणावर समासांत त्यांनीं लिहिलेलें सारें एका सामायिक फाइलींत असे आणि ती फाइल बाईंच्या खात्याची होती. वाचण्याचा आणि लिहिण्याचा अधिकार शिष्येचा, मालकी मात्र बाईंची. अशी फाइल मालकाच्या जागेंत मोजली जाते, आणि ती दुसऱ्याच्या नांवें करून न घेतां मालकाचें खातें मिटविलें तर वाटेकऱ्यांच्या हातून ती जाते. जागा मोकळी करण्याच्या मोहिमेंत बाईंचें खातें केव्हांच मिटलें होतें. मिटलेलें खातें वीस दिवसांच्या आंत परत उघडतां येतें. ते दिवस उलटून कित्येक महिने झाले होते, आणि ह्या मुलीस कोणी विचारलेंही नव्हतें.

भाचीजवळ छापून घेतलेलीं दुसऱ्या प्रकरणाचीं अकरा पानें तेवढीं आहेत. उरलेल्या प्रकरणांची प्रत कचेरीच्या एखाद्या तबकडीवर असल्यास मिळावी, असा अर्ज आम्हीं दुसऱ्याच दिवशीं लिहिला. मसुदा माझा होता. आवक-क्रमांक मिळाला आहे, उत्तर अद्याप आलेलें नाहीं.