तिथी आणि स्थान : गोमंतकाच्या उत्सवचक्राची कथा

सण हा तिथीचा असतो, तसाच तो स्थानाचाही असतो. चैत्रातील पाडव्यापासून फाल्गुनातील शिमग्यापर्यंतचे वर्षचक्र पंचांगात सर्वांना सारखेच. परंतु उत्सव प्रत्यक्ष घडतो तो एखाद्या देवतेच्या प्राकारात, एखाद्या तळीच्या काठी, ठरलेल्या घराण्यांच्या मानाने. मग देवालाच आपले स्थान सोडावे लागले, तर त्या उत्सवाचे काय होते? या प्रश्नाचे उत्तर गोमंतकाच्या इतिहासाने दिले आहे, आणि ते भाविकांनी मनन करण्याजोगे आहे.

१५१० साली पोर्तुगीजांनी तिसवाडी जिंकली. १५४३ मध्ये बारदेश व साष्टी हे महाल त्यांच्या हाती गेले. १५४० मध्ये तिसवाडीतील आणि १५६० नंतरच्या दशकात साष्टीतील देवळे पाडण्यात आली. हिंदूंच्या सार्वजनिक उत्सवांना मनाई झाली. १५६० साली इन्क्विझिशनचे न्यायपीठ स्थापन झाले. या काळात भक्तांनी आपली दैवते उचलली व परक्या सत्तेच्या सीमेपलीकडे नेली. कुशस्थळीचे श्रीमंगेश जुवारी नदी ओलांडून प्रियोळास आले. केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास, वेरण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास आणि लोटलीचे श्रीरामनाथ बांदिवड्यास आले. मडगावचे श्रीदामोदर कुशावतीच्या काठी जांबावलीस गेले.

नव्या जागी आरंभी वैभव नव्हते. होती ती केवळ तिथी. पण तिथी कोणाला जप्त करता येत नाही. माघातील जत्रा माघातच भरली, नवरात्रात देवता मखरात झुलू लागली, कार्तिकात दीप उजळले. पुढे अठराव्या शतकात मराठी सत्तेचा आश्रय लाभला. शाहू महाराजांच्या काळी मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने, १७३८ च्या सुमारास, कवळ्याचे देवालय उभे राहिले. १७३९ मध्ये पेशव्यांकडून मंगेशीस गाव इनाम मिळाला. आज आपण जी दीपमाळ व जो सभामंडप पाहतो, त्यांच्या आधी कित्येक पिढ्यांचा निष्ठेने पाळलेला नेम आहे, हे विसरता कामा नये.

सीमेअलीकडे राहिलेल्यांची कसोटी याहून कठीण होती. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या आज्ञापत्राने नवख्रिस्ती घरांतील जुने आचार निषिद्ध ठरविले. अंगणातील तुळसही त्यातून सुटली नाही. ज्या आचाराचा एवढा धाक सत्तेला वाटत होता, तो लोकांच्या अंगी किती मुरला होता, हे या आज्ञापत्रावरूनच दिसते. गोव्यातील काही घराण्यांत चवथीला मृण्मय मूर्तीऐवजी कागदावरील गणपती पुजतात. ही चाल त्या दडपणाच्या काळातील, असे परंपरा सांगते. मात्र त्या कागदी गणपतीवरही रानातील फळाफुलांची माटोळी बांधलेली असते.

या सर्व कथेत कुंकळ्ळीचे उदाहरण सर्वांत हृदयस्पर्शी आहे. १५८३ साली येथील गावकऱ्यांनी देवळांच्या विध्वंसाविरुद्ध उठाव केला. त्यात पाच जेझुइट धर्मगुरू मारले गेले. त्यानंतर गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांचा वध करण्यात आला. देवी फातर्प्यास गेली, पण आजही ती ‘कुंकळ्ळीकरीण’ म्हणूनच ओळखली जाते. दरवर्षी फाल्गुनात तिची मिरवणूक आपल्या मूळ गावी येते. बारा वांगडांच्या बारा छत्र्या तिच्यासंगे निघतात. वाटेवर तिचे स्वागत करणाऱ्यांत गावातील ख्रिस्ती कुटुंबेही असतात, कारण त्यांचे पूर्वज त्याच वांगडांतील. धर्म बदलला, मान बदलला नाही. मडगावचे भाविकही फाल्गुनात जांबावलीच्या गुलालोत्सवास आपल्या देवाच्या भेटीला जातात.

१७६३ नंतर फोंडे महाल पोर्तुगीजांकडे गेला, तेव्हा मात्र तेथील धर्माचारांना हात न लावण्याचे धोरण राहिले. १८१२ मध्ये इन्क्विझिशन कायमचे संपुष्टात आले. १९१० च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकाने धर्मविषयक समतेचा मार्ग मोकळा केला आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. सत्ता आल्या आणि गेल्या. माघ मात्र दरवर्षी आला.

आपणांपैकी अनेकांचे पूर्वज पोटापाण्यासाठी दूर गेले, आणि त्यांची मुलेबाळे आज मूळ गावाचे नाव केवळ कुलवृत्तांतात वाचतात. त्यांच्यापुढेही तोच प्रश्न उभा आहे, केवळ संकटाचे रूप निराळे. तेव्हा भय होते. आता विस्मरण आहे. भयाच्या काळी ज्यांनी देव खांद्यावर घेऊन नदी ओलांडली, त्यांच्या वंशजांनी जत्रेच्या तिथीला एकदा तरी त्या प्राकारात उभे राहावे, मुलांना सोबत न्यावे आणि देव पूर्वी कोठे होता ते त्यांना सांगावे. एवढे झाले, तरी पूर्वजांच्या ऋणाचा काही अंश फिटेल.