स्वतःचा व्हिडिओ बघताना नेमकं काय बघायचं?

स्पीच थेरपीचा विद्यार्थी पहिल्या सेशनला दोघांना घाबरतो: समोरच्या पेशंटला आणि काचेआड बसलेल्या सुपरवायझरला. त्यात ‘आज रेकॉर्डिंग करू’ म्हटलं की झालंच! मग त्याच रेकॉर्डिंगने भीती कमी होईल, ही कल्पना आली कुठून? थोडं मागे जाऊ.

अँपेक्स कंपनीने व्हिडिओटेप रेकॉर्डर आणला १९५६ मध्ये. पुढच्या दशकात स्टॅनफर्डला शिक्षकांसाठी मायक्रोटीचिंग सुरू झालं. मिशिगन स्टेट विद्यापीठात नॉर्मन केगन समुपदेशनाची टेप दाखवून विचारू लागले, ‘त्या क्षणी मनात काय चाललं होतं?’

आपल्या क्षेत्रात हे आणलं डॅनियल बून यांनी. १९६९ मध्ये गोल्डबर्ग यांच्यासोबत त्यांनी थेरपिस्टना स्वतःची टेप दाखवण्याचा अभ्यास केला. १९७२ मध्ये प्रेस्कॉट यांच्यासोबत त्यांनी सेशन मोजायची १० खान्यांची पद्धत मांडली: पाच खाने थेरपिस्टच्या वागण्याचे, पाच पेशंटच्या. सेशनचा छोटा तुकडा बघायचा आणि मोजायचं. ‘मी कसा दिसतो?’ हा प्रश्न मागे पडतो, ‘बरोबर उत्तरानंतर मी काय केलं?’ हा पुढे येतो. पण लक्षात घ्या, इथे मोजमाप कौशल्याचं होतं, भीतीचं नाही.

भीतीचा धागा दुसरीकडून आला. १९९६ मध्ये रेपी आणि हेमन यांनी दाखवलं की सामाजिक चिंता असलेली माणसं आपलं भाषण प्रत्यक्षात झालं त्यापेक्षा वाईट झालं असं धरून चालतात, आणि व्हिडिओ बघितल्यावर हा अंदाज सुधारतो. २००० मध्ये हार्वी, क्लार्क, एलर्स आणि रेपी यांनी बघण्याआधी तयारी करून घेतली: काय दिसेल ते नेमकं सांगा, स्वतःचं चित्र डोळ्यांसमोर आणा, मग अनोळखी माणसाला बघावं तसं बघा. अशा तयारीने फायदा वाढला.

आता गंमत बघा. पहिल्या धाग्यात विद्यार्थी थेरपिस्ट आहेत, पण भीतीचं मोजमाप नाही. दुसऱ्यात भीती आहे, पण समोर पेशंट नाही. म्हणून दोन्हींची बेरीज करून ‘व्हिडिओने चिंता कमी होते’ असं प्रपोजलमध्ये थेट लिहू नका. ‘व्हिडिओ’ हा एकच चल नाही. कोणी बघितला, सोबत कोण होतं, काय बघायला सांगितलं आणि नंतर काय मोजलं, हे चार प्रश्न प्रत्येक पेपरला विचारा.

तुमचा विषय बहुतेक त्यांच्या उत्तरांमधल्या फटीतच सापडेल.