गोफण, छर्‍याची बंदूक आणि ओझरची पोरं

आजचा भाग ओझरहून. मागे घरघर ऐकू येतेय ना, ते विमान आहे. एचएएलचा कारखाना 1964 पासून इथे आहे, त्यामुळे इथल्या पोरांना विमानाचं कौतुक नाही. आवाजावरूनच सांगतात कुठलं ते.

पाखरांचं तसं नाही. हा द्राक्षाचा पट्टा. इथे पाखरू म्हणजे नुकसान. मणी गोड व्हायला लागले की बागेवर जाळी टाकायची, चमकणाऱ्या फिती बांधायच्या, डबे वाजवायचे. आजोबांच्या काळी ज्वारीच्या राखणीला गोफण होती. म्हणजे शेतकऱ्याच्या पोराची पाखराशी पहिली ओळख होते ती त्याला हाकलताना.

गेल्या जानेवारीत इथल्या सहावीच्या मुलांबरोबर मी नांदूर मधमेश्वरला गेलो होतो. याच निफाड तालुक्यातलं, तरी बरीच मुलं पहिल्यांदाच आली होती. मनोऱ्यावरून बदकं बघताना एकानं विचारलं, "सर, यातलं खायला कोणतं चांगलं?" सगळे हसले. सर रागावले. मला मात्र 1908 साल आठवलं.

त्या वर्षी मुंबईत खेतवाडीत राहणाऱ्या एका मुलानं छर्‍याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. अशी चिमणी त्यानं पाहिली नव्हती, आणि ही आपल्याला खायला चालते का, हीच त्याची शंका होती. मामांनाही ओळखता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. संस्था 1883 ची, सेक्रेटरी मिलार्ड नावाचे साहेब. मुलगा बिचकतच आत गेला.

आता बघा, मिलार्ड रागावू शकले असते. त्यांनी पक्षी ओळखला, पीतकंठी चिमणी. मग एकेक खण उघडून पेंढा भरून ठेवलेल्या चिमण्या त्याला दाखवल्या. वाचायला पुस्तकं दिली. पक्षी टिकवून ठेवायला शिकवायचीही सोय केली. तो मुलगा म्हणजे सलीम अली. पुढे आत्मचरित्राच्या नावातही त्यांनी ती चिमणी ठेवली.

गंमत म्हणजे त्याच सुमारास इकडे गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ बंधारा बांधला जात होता. हेतू पाटपाण्याचा. पाखरांचा विचारही कुणी केला नसेल. पण दोन्ही नद्यांनी वर्षानुवर्षं गाळ आणून टाकला, उथळ पाणी झालं, बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या. इंजिनिअरच्या दृष्टीनं हे बिघडलेलं धरण, पण बदकांना नेमकं असंच हवं असतं. 1986 मध्ये अभयारण्य झालं, आणि पुढे महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा हीच.

तर मनोऱ्यावर परत येऊ. मी त्या पोराला म्हटलं, खायचं राहू दे, नावं ऐक. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका असलेलं ते हळदीकुंकू बदक. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, तो वारकरी. पसरट चोचीनं पाणी गाळत जाणारा थापट्या. काटक्यांसारख्या तांबड्या पायांचा शेकाट्या. अर्ध्या तासात पोरं स्वतःच ओरडायला लागली, "तो बघ वारकरी!" पाठ करावं लागलं नाही. ही नावं माणसांनी बघून बघून ठेवलेली आहेत. मारुती चितमपल्लींनी वनखात्यातल्या नोकरीत रानातल्या लोकांकडून अशी नावं गोळा केली, पक्षिकोश केला. मुलांच्या हातात आधी हीच नावं द्यावीत, इंग्रजी नंतर शिकतील.

चितमपल्लींचा जन्म 5 नोव्हेंबरचा, सलीम अलींचा 12 नोव्हेंबरचा, म्हणून 2020 पासून राज्यात तो पक्षी सप्ताह. कल्पना छान. पण तेव्हा अनेकदा दिवाळीची सुट्टी असते. शाळा बंद, मुलं मामाच्या गावाला. आणि बदकांची खरी गर्दी डिसेंबर-जानेवारीत. शाळांनी सहल तेव्हा काढावी, एवढंच सुचवतो.

परतताना एका विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची रिकामी घरटी लोंबत होती. बहिणाबाईंचा खोपा सगळ्यांना ठाऊक होता. मग मी त्यांना 1930 सालचं सांगितलं. हाताला नोकरी नाही अशा काळात सलीम अली अलिबागजवळ किहीमला राहत होते. तिथे त्यांनी सुगरणीच्या वसाहतीवर नजर ठेवली. दिसलं असं की खोपा विणतो नर. अर्धा झाला की मादी येऊन तपासते. पसंत पडला तर ती राहते, नर तो पुरा करतो आणि लागलीच दुसरा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी.

बसमध्ये एकदम शांतता. मग तोच मघाचा पोरगा म्हणाला, "मग त्याला सुगरण का म्हणायचं? सुगरण तर बाई असते."

सर या वेळी रागावले नाहीत. म्हणाले, "वहीत लिहून ठेव."