कोच नावाची नोकरी

परभणी आणि आईस हॉकी हे दोन शब्द एका वाक्यात आजवर कुणी लिहिले नसावेत. आमच्याकडे बर्फाचे उपयोग दोनच. एक, उसाच्या रसात टाकायला. दुसरा, किसून काडीवर थापायचा आणि वर लाल-हिरवं सरबत ओतून चोखायचा. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, तेव्हा आणखी काही सुचतही नाही. "जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आम्ही छाती फुगवून म्हणतो खरं, पण बर्फाच्या बाबतीत जर्मनीशी आमचं काही जुळत नाही :)

तरी आजचा विषय सुरू होतो तो बर्फावरच. आठवडाभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडमधले बग शोधून डोकं शिणलं, की शनिवारी मी कामाशी काडीचाही संबंध नसलेलं काहीतरी वाचत बसतो. तसं वाचताना शॅनन मिलर या बाईंची गोष्ट हाती लागली, आणि ती वाचून संपायच्या आत आपल्या नाशिकच्या शैलजा जैन आठवल्या. दोघीही मुलींच्या संघांच्या कोच. दोघींच्याही आयुष्यात 2018 हे वर्ष मोठं. एकीला त्या वर्षी कोर्टात न्याय मिळाला, दुसरीला मैदानात.

आधी मिलरबाई. मूळच्या कॅनडाच्या. काही वर्षं कॅलगरी शहरात पोलिसात नोकरी केली. 1998 साली जपानमधल्या नागानो इथे बायकांची आईस हॉकी पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आली, तेव्हा कॅनडाच्या संघाच्या कोच ह्याच होत्या. अंतिम सामना अमेरिकेने 3-1 असा जिंकला. पुढे अमेरिकेतल्याच मिनेसोटा विद्यापीठाच्या डुलुथ शाखेने मुलींचा नवा संघ काढला आणि तो बाईंच्या हाती दिला. डुलुथ म्हणजे लेक सुपीरियर या समुद्राएवढ्या तळ्याच्या काठचं गाव, हिवाळाभर बर्फच बर्फ. मुलींच्या आईस हॉकीचं पहिलं राष्ट्रीय कॉलेज विजेतेपद 2001 साली ठेवलं गेलं. ते डुलुथने जिंकलं. मग 2002 चं जिंकलं, 2003 चं जिंकलं, आणि पुढे 2008 आणि 2010 चंही. एकूण पाच.

डिसेंबर 2014 मध्ये विद्यापीठाने सांगितलं, पुढच्या वर्षी करार वाढवणार नाही. कारण दिलं पैशाचं: वार्षिक दोन लाख डॉलरच्या वर पगार परवडत नाही म्हणे. बाई कोर्टात गेल्या. मार्च 2018 मध्ये ज्युरीने निकाल दिला की हा बाई म्हणून केलेला भेदभाव आहे, शिवाय मुलींच्या संघाला मिळणाऱ्या वागणुकीबद्दल तक्रार केल्याचा सूडही आहे. भरपाई ठरली 37 लाख डॉलरच्या वर. पुढे न्यायाधीशांनी ती बरीच कमी केली, पण निकाल उभा राहिला. तोवर बाई वाळवंटातल्या पाम स्प्रिंग्ज गावी जाऊन पर्यटकांसाठी पेडल मारत फिरायच्या गाडीचा धंदा करू लागल्या होत्या. बर्फावरून थेट वाळूत...

आता यात मला सगळ्यात नवल कशाचं वाटलं सांगू? काढून टाकलं याचं नाही. नोकऱ्या आमच्या धंद्यातही जातात. नवल याचं की कॉलेजातल्या मुलींना खेळ शिकवणं ही मुळात पगाराची, कराराची, कोर्टात भांडण्याएवढी मोठी नोकरी होती!

ती तशी झाली 1972 मुळे. त्या साली 23 जूनला अध्यक्ष निक्सन यांनी एका शिक्षणविषयक कायद्यावर सही केली. त्यातल्या नवव्या कलमाचा गाभा इंग्रजीत जेमतेम 37 शब्दांचा. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला बाई-पुरुष असा भेद करता येणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं. त्यात खेळाचं नावसुद्धा नव्हतं. पण कॉलेजांच्या खेळांना हे लागू आहे असं ठरलं, आणि मुलींच्या संघांसाठी मैदानं, शिष्यवृत्त्या, कोचचे पगार हळूहळू उभे राहिले.

आणि इथे इतिहासाने एक खोडी काढली. 1972 च्या आधी अमेरिकेतल्या कॉलेजांमधले मुलींचे दहापैकी नऊहून जास्त संघ बायका शिकवत असत. तेव्हा ते काम बहुधा फुकटचं किंवा चहापाण्यापुरत्या पैशांचं. कायद्यामुळे त्या कामाला पगार आला, पगारामागून पुरुष आले, आणि चाळीसेक वर्षांत बायकांचं प्रमाण निम्म्याच्याही खाली गेलं. मुली खेळायला लागल्या त्या लाखांनी, पण त्यांना शिकवणाऱ्या बायका मागे सरल्या. मिलरबाईंची गोष्ट या आकड्याशेजारी ठेवून वाचली की ती एकट्या बाईची राहत नाही.

आता आपल्याकडे येऊ. आईस हॉकी भारतात नाही असं नाही. लडाखच्या मुली ती खेळतात, 2016 पासून भारताचा महिला संघ बाहेरच्या स्पर्धांनाही जातो. पण महाराष्ट्रात मुलींच्या खेळाची आणि मुलींच्या कोचची गोष्ट सांगायची तर ती कबड्डीतच सांगावी लागते. हा आपला खेळ. शंकरराव तथा बुवा साळवींच्या वाढदिवसाला, 15 जुलैला, आपण कबड्डी दिनही साजरा करतो.

शैलजाताईंनी नाशिकमध्ये वर्षानुवर्षं मुलींना कबड्डी शिकवली. त्यांच्या हाताखालून कितीतरी मुली राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत गेल्या. पण भारतीय संघाचं मुख्य प्रशिक्षकपद काही त्यांच्याकडे आलं नाही. नोकरीतून निवृत्त झाल्या. एरवी गोष्ट इथे संपते. नारळ, शाल, फोटो.

पण बोलावणं आलं ते इराणहून. तिथे मुलींचा सराव पुरुषांपासून वेगळा चालतो, त्यामुळे मुलींचा संघ शिकवायला बाईच लागते. गंमत बघा, अमेरिकेत समानतेच्या कायद्याने जी खुर्ची बायकांच्या हातून निसटली, ती इराणात पडद्याच्या नियमाने बाईसाठी राखून ठेवली. म्हणून पडदा चांगला असं मी मुळीच म्हणत नाहीये. खुर्ची कुणामुळे तयार होते आणि तिच्यावर कोण बसतं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढंच.

साठीच्या उंबरठ्यावरची शाकाहारी बाई, भाषा येत नाही, जेवणाचे हाल. त्या कामापुरती फारसी शिकल्या. सरावात योगासनं आणि प्राणायाम आणला. प्राणायाम ऐकायला बोधकथेसारखं वाटेल, पण कबड्डीत तो अगदी कामाचा. चढाई करणाऱ्या मुलीला एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत 30 सेकंदांत जाऊन परत यायचं असतं. छाती भरलेली नसेल तर मध्यरेषा गाठायच्या आधीच खेळ संपतो.

इराणचा संघ काही रस्त्यावर पडलेला नव्हता. एशियाडमध्ये महिला कबड्डी 2010 ला ग्वांगझूत आली, तेव्हा इराणला कांस्य. 2014 ला इंचॉनमध्ये भारताकडून 31-21 असे हरून रौप्य. एकच पायरी उरली होती, आणि ती कशी चढायची हे भारतीय कबड्डी आतून माहीत असलेल्या माणसाइतकं कोण सांगणार? भारताची डावी कोपरारक्षक केव्हा झेप घेते, साखळी कशी वळते, बोनससाठी पाय कधी पडतो, हे सगळं शैलजाताईंनी आयुष्यभर मुलींना शिकवलेलंच होतं.

24 ऑगस्ट 2018, जकार्ता. आदल्या दिवशी इराणच्या पुरुषांनी भारताच्या पुरुषांना उपांत्य फेरीत 27-18 असं हरवलं होतं. 1990 पासून प्रत्येक एशियाडचं सुवर्ण नेणारा संघ! दुसऱ्या दिवशी मुलींची अंतिम लढत, पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव. इराण 27, भारत 24. तीन गुणांचा फरक, म्हणजे एक लोण आणि एक पकड.

त्या दिवशी आपल्या मुलींचे रडलेले चेहरे टीव्हीवर पाहून मलाही वाईट वाटलं होतं. समोरच्या बाकावरची कोच नाशिकची आहे हे कळल्यावर मात्र नक्की काय वाटून घ्यावं तेच कळेना. आपण उत्तम कोच आहोत हे सिद्ध करायचं होतं, अशा अर्थाचं त्या नंतर बोलल्या. काहींना ते टोचलं. मला नाही टोचलं. ज्या घरात आयुष्यभर स्वयंपाक केला तिथे कुणी पंगतीला बसवलं नाही, तर बाईने शेजारच्या घरी जेवू नये का?

आता परभणी. तिकडे 1972 साली अमेरिकेत नववं कलम आलं, त्याच्या पाचच आठवडे आधी, 18 मे 1972 ला, आमच्याकडे कृषी विद्यापीठ सुरू झालं. आणि ते साल म्हणजे बहात्तरचा दुष्काळ. आमच्या आजीच्या पिढीच्या बायका तेव्हा कामावर खडी फोडत होत्या. त्या दुष्काळातून रोजगार हमी पक्की झाली आणि 1977 ला तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम. म्हणजे कायद्याने काम तयार करता येतं, बाईच्या हातात मजुरी देता येते, हे महाराष्ट्राला कुणी अमेरिकेहून येऊन शिकवायची गरज नव्हती.

पण खेळात ते झालं नाही. आमच्या जिल्ह्यातली कॉलेजं आधी औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला आणि 1994 नंतर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाला जोडलेली. कॉलेजात पद असतं एक, शारीरिक शिक्षण संचालकाचं. त्या एका माणसाने कबड्डी, खो-खो, क्रिकेट, बुद्धिबळ, कुस्ती सगळं बघायचं, वर प्रवेश अर्ज आणि निवडणुकीची ड्युटी. मुलींच्या एका खेळाचा पगारी कोच असं काही नसतंच. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की स्पर्धेआधी काही दिवसांचं शिबिर, बस.

माझी एक मावसबहीण डावा कोपरा खेळायची. विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागापर्यंत गेली. तिची घोट्याची पकड बघायला इतर कॉलेजची पोरं थांबायची. पुढे बी.पी.एड. केलं, एका कॉलेजात तासिका तत्त्वावर लागली. तासाप्रमाणे पैसे, तेही वर्ष संपल्यावर, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. चार वर्षांनी सोडलं. आज ती शिलाईचं दुकान चालवते, चांगलं चालवते, तिची कुणी कीव करू नये. पण आजही रस्त्यावर पोरी कबड्डी खेळताना दिसल्या की गाडी बाजूला लावते आणि ओरडते, "अगं गुडघा आत घे की!" मला तिच्यात एक कोच स्पष्ट दिसते. खुर्ची तेवढी नाही.

मध्ये वाटलं होतं की बाजार ही खुर्ची देईल. 2014 ला प्रो कबड्डी आली, पुरुष खेळाडू घरोघरी ओळखीचे झाले. 2016 ला मुलींसाठीही तीन संघांची एक लीग झाली. त्यातल्या एका संघाचं नाव होतं 'आईस दिवाज'. आमच्या कबड्डीत बर्फ आला तो एवढाच, आणि एका हंगामात वितळूनही गेला. 2023 मध्ये हांगझूच्या एशियाडला आपल्या मुलींनी चायनीज तैपेईला 26-25 असं हरवून सुवर्ण परत आणलं. एका गुणाने! असे गुण कुठूनतरी येतात ना? जिल्ह्यातल्या मैदानावर संध्याकाळी पाच वाजता कुणीतरी उभं असतं, तिथून येतात.

परभणीच्या ज्योती गवतेने 2017 ची मुंबई मॅरेथॉन भारतीय महिलांमध्ये जिंकली, आणि पुढची तीन वर्षं दुसरा नंबर सोडला नाही. म्हणजे आमच्या मातीत दम आहे, हे मोजून झालं आहे. पळणारी असते, पकडणारी असते. शिकवणारीला महिन्याच्या एक तारखेला पगार मिळेल असं एक पद निघालं, तर इराणला जायची वेळ येणार नाही. आणि पद निघालं की त्यावर बसायला कोण कोण पुढे सरसावतं, याकडेही लक्ष ठेवावं लागेल. अमेरिकेचा अनुभव आहेच.

असो. पारा चढायच्या आत रस प्यायला निघतो. बर्फ जास्त टाकून.