हळदीचा पुरावा

आम्ही घिवलीच्या बायका मासळीला हळद-मीठ चोळतो तेव्हा हळदीचा वेगळा विचारही करत नाही. पण याच हळदीसाठी देशाला भांडावं लागलं.

१९९५ साली अमेरिकेत दोन संशोधकांना हळदीनं जखम भरण्याचं पेटंट, म्हणजे मालकी हक्क, मिळाला. आपल्या आज्या तर कापलेल्या बोटावर कायम हळदच दाबत आल्या! डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते. संस्थेनं हरकत घेतली. ‘आम्हाला ठाऊक होतं’ एवढ्यावर भागलं नाही. जुने ग्रंथ, छापील लेख पुढे ठेवावे लागले. १९९७ साली पेटंट रद्द झालं.

हळदीला पिवळा रंग देणारं कर्क्युमिन १८१५ सालीच वेगळं काढलं गेलं. आता म्हातारपण लांबवतं म्हणून त्याच्या गोळ्या विकतात. तसं सिद्ध झालेलं नाही. उलट अशा गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. कालवणातली चिमूटभर हळद, डाळ, पालेभाजी रोज खाऊ. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि गटात एक वही ठेवू. म्हाताऱ्या बायकांना ठाऊक असलेल्या रानभाज्या, त्या कशा ओळखायच्या, कशा शिजवायच्या, सगळं लिहू. हळदीच्या वेळी लिहिलेलंच कामी आलं.