अंकीय संकेत-प्रक्रियकांची बाजारपेठ आणि तद्विषयक भाकिते : एक साधनचिकित्सा

आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकास जकातीच्या नोंदी, कंपन्यांचे ताळेबंद आणि आयात-निर्यातीची कोष्टके ही साधने परिचयाची असतात. व्यवसायविषयक भाकितांकडे मात्र तो सहसा साशंकतेने पाहतो. खरे ठरलेले भाकीत त्यास अनावश्यक वाटते आणि खोटे ठरलेले निरुपयोगी. अंकीय संकेत-प्रक्रियक, म्हणजे व्यवहारात ज्यास डीएसपी म्हणतात ती चिप, हिच्या बाजारपेठेचा गेल्या सुमारे ४५ वर्षांचा इतिहास पाहिला असता ही दृष्टी अपुरी असल्याचे दिसून येते. या क्षेत्रात भाकितांनी घटनांचे केवळ वर्णन केले नाही, तर काही अंशी त्या घडविल्याही. आणि पुढे ती चुकली ती मागणी आटल्यामुळे नव्हे, तर मोजावयाची वस्तूच आपल्या नावाखालून निसटल्यामुळे चुकली.

या वस्तूची गरज कोठून उत्पन्न झाली हे थोड्या अंकगणितावरून स्पष्ट होते. दूरध्वनीवरील आवाज अंकरूपात आणावयाचा तर दर सेकंदास ८,००० नमुने घ्यावे लागतात. अर्थात् दोन नमुन्यांमध्ये १२५ मायक्रोसेकंदांचा अवकाश मिळतो. आवाजातील नको असलेला भाग गाळण्यासाठी तेवढ्या वेळात कित्येक गुणाकार व बेरजा कराव्या लागतात. १९७८ मधील इंटेलच्या ८०८६ या सर्वसाधारण प्रक्रियकास ५ मेगाहर्ट्झ गतीने सोळा-अंकी द्विमान संख्यांच्या एका गुणाकारास सुमारे २५ मायक्रोसेकंद लागत. म्हणजे एका नमुन्यामागे फार तर पाच गुणाकार. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८२ मध्ये विद्वज्जनांपुढे मांडलेली आणि पुढच्या वर्षी बाजारात आणलेली टीएमएस३२०१० ही चिप एक आज्ञा २०० नॅनोसेकंदांत पुरी करी, व गुणाकार ही तिच्या दृष्टीने एकच आज्ञा होती. त्याच १२५ मायक्रोसेकंदांत तिच्या ६२५ आज्ञा होत. गुणाकाराचे यंत्र चिपवर स्वतंत्रपणे कोरले, एवढ्या एका निर्णयावर या बाजारपेठेचा पाया उभा आहे.

तत्पूर्वीचे प्रयत्न उद्बोधक आहेत. १९७९ मध्ये इंटेलने काढलेल्या २९२० या चिपवर संकेताचे अंकांत व अंकांचे पुन्हा संकेतात रूपांतर करण्याची सोय होती, परंतु गुणाकाराचे यंत्रच नव्हते. ती बाजारात रुजली नाही. बेल प्रयोगशाळेची डीएसपी-१ ही चिप गुणवत्तेत कमी नव्हती. पण १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीने एटी अँड टी कंपनीस दूरसंचाराबाहेरील धंदा वर्ज्य होता, त्यामुळे ती घरच्याच उपकरणांत वापरली गेली. जपानच्या एनईसीने १९८० मध्ये गुणाकार-यंत्रासह आपली चिप आणली. १९७८ मधील ‘स्पीक अँड स्पेल’ या मुलांच्या बोलक्या खेळण्याचा उल्लेखही येथे आवश्यक आहे. त्यातील वाचा-निर्मिती ज्या रेषीय पूर्वानुमान पद्धतीवर आधारलेली होती, तिच्या जनकांत जपानचे इताकुरा यांच्याबरोबर लखनौ विद्यापीठ व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था येथे शिकलेले बिष्णु अटल यांचे नाव घ्यावे लागते. मोठ्या बाजारपेठेचा आरंभ एका खेळण्यात व्हावा, ही गोष्ट त्या काळच्या कोणत्याही नियोजनात बसणारी नव्हती.

कारण खरेदीदार कोण हे विक्रेत्यांना ठाऊकच नव्हते. ते प्रथम मोडेमच्या रूपाने आले. १९८४ मध्ये सेकंदास ९,६०० बिट वाहून नेणारे मानक मान्य झाले, १९९४ मध्ये २८,८०० चे, १९९८ मध्ये ५६,००० चे. तांब्याची तार तीच, वाढले ते तिच्या दोन टोकांवरील गणित. याहून मोठे गिऱ्हाईक १९९१ मध्ये फिनलंडमध्ये सुरू झालेल्या जीएसएम दूरध्वनीने दिले. दर २० मिलिसेकंदांचा आवाज २६० बिटांत बसवावयाचा आणि तोही खिशात मावणाऱ्या विद्युत्घटावर, हे काम डीएसपीवाचून त्या काळी शक्य नव्हते.

येथून भाकितांचा काळ सुरू होतो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील फॉरवर्ड कन्सेप्ट्स या छोट्या संस्थेचे अहवाल या विषयात प्रमाणभूत मानले जात. नव्वदीच्या दशकात वार्षिक तीस टक्क्यांच्या आसपासची वाढ गृहीत धरणे रूढ झाले होते. तीस टक्क्यांचा अर्थ चक्रवाढीने दहा वर्षांत जवळजवळ चौदा पट. या आकड्याचा मोह किती बलवत्तर होता याची साक्ष टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या व्यवहारांत मिळते. १९९६ मध्ये जेरी जंकिन्स यांच्या आकस्मिक निधनानंतर टॉम एन्जिबस यांच्याकडे सूत्रे आली. १९९७ मध्ये कंपनीने आपला संरक्षण-सामग्रीचा विभाग रेथिऑनला व संगणकांचा एसरला विकला. १९९८ मध्ये स्मृति-चिपांचा धंदा मायक्रॉनला दिला. डीएसपी आणि तिच्या भोवतालच्या ॲनालॉग चिपा एवढ्यावरच सारी भिस्त ठेवण्यात आली. या निर्णयामागे स्मृति-चिपांच्या कोसळत्या किमती हेही कारण होते, हे विसरता कामा नये. तथापि उरलेला मार्ग कोणता, हे ठरविण्यात वाढीच्या अपेक्षेचा वाटा निर्णायक दिसतो.

२००० साली डीएसपी चिपांची विक्री सहा अब्ज डॉलरांच्या घरात गेली. २००१ मध्ये दूरसंचाराच्या मंदीत ती सुमारे एक-तृतीयांशाने घसरली. जगातील सर्व अर्धवाहक चिपांची विक्रीही त्याच वर्षी सुमारे २०४ अब्जांवरून १३९ अब्ज डॉलरांवर आली, तेव्हा हा आघात डीएसपीपुरता नव्हता. म्हणून भाकितांच्या अपयशाचे खापर या मंदीवर फोडणे सोपे असले तरी पुरेसे नाही. मंदी ओसरली, खिशातील दूरध्वनींची संख्या अब्जावधींत गेली, आणि तरीही जुना वक्र परत आला नाही.

याचे कारण दुसऱ्या बाजूस घडत होते. १९९७ मध्ये इंटेलने आपल्या सामान्य प्रक्रियकांत गुणाकार-बेरजेच्या खास आज्ञा घातल्या. २००१ मध्ये झायलिंक्सने आपल्या पुनर्रचनाक्षम चिपांत गुणाकार-यंत्रे बसविली. २००२ मध्ये स्थापन झालेली सीव्हा ही कंपनी तर चिप विकतच नव्हती; ती प्रक्रियकाच्या आराखड्याचा परवाना देई आणि प्रत्येक नगामागे स्वामित्वशुल्क घेई. २०१० मध्ये आर्मने कॉर्टेक्स-एम४ या लहान नियंत्रकातही तीच शक्ती आणली. दूरध्वनीतील डीएसपी एका मोठ्या एकवट चिपचा कोपरा बनली, आणि तो कोपरा क्वालकॉमसारख्या कंपन्या घरीच तयार करू लागल्या. सुटी चिप विकणाऱ्यांची माघार त्यामागोमाग आली. ॲनालॉग डिव्हायसेसने २००७ मध्ये आपला दूरध्वनी-चिपांचा विभाग मीडियाटेकला विकण्याचे ठरविले. २००८ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बेसबँड चिपांतून अंग काढून घेतले, तर २०१२ मध्ये स्मार्टफोनच्या चिपांचा नाद सोडून सुमारे १,७०० पदे कमी केली.

वस्तुतः संकेत-प्रक्रियेचे एकंदर कार्य या काळात भाकीतकारांच्या कल्पनेपलीकडे वाढले. आकुंचन पावली ती कोष्टकातील एक ओळ. यावर असा आक्षेप संभवतो की, भाकीत पैशाचे होते, कार्याचे नव्हे. तेव्हा पैसा आला नाही तर भाकीत चुकलेच. गुंतवणूकदाराच्या दृष्टीने हा आक्षेप बिनतोड आहे. इतिहासकारास तो तसाच स्वीकारता येत नाही, कारण पैसा नाहीसा झाला नव्हता. तो ‘लॉजिक’, ‘परवाना’, ‘प्रक्रियक’ अशा अन्य सदरांत जमा होत होता. १९६५ मध्ये गॉर्डन मूर यांनी दहा वर्षांत एका चिपवर ६५,००० घटक बसतील असे म्हटले, तेव्हा मोजावयाचे एकक निदान स्पष्ट होते. डीएसपीच्या भाकीतकारांनी मात्र एका उपयोगाला एका वस्तूचे नाव दिले आणि त्या वस्तूची वाढ मोजली.

भारतापुरते पाहता या सदरबदलाचे एक ठळक उदाहरण मिळते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये बंगळूर येथे आराखडा-केंद्र काढले. त्या केंद्रातील अनुभवी मंडळींनी २००१ मध्ये, म्हणजे ऐन मंदीच्या वर्षी, इत्तियाम ही कंपनी स्थापिली. डीएसपीवर चालणाऱ्या ध्वनि-चित्र आज्ञावलींचे परवाने विकणे हा तिचा धंदा. चिपांच्या विक्रीच्या कोणत्याही कोष्टकात तिचे उत्पन्न दिसणार नाही. खुद्द टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या वार्षिक अहवालांतही डीएसपी हे स्वतंत्र सदर पुढे उरले नाही. ते ‘एम्बेडेड प्रोसेसिंग’ या विभागात नियंत्रकांसह मिसळले गेले आहे. १९९० नंतरची सलग आकडेवारी मांडू पाहणाऱ्या संशोधकास प्रथम हा सांधा कोठे बसतो हे वर्षावार निश्चित करावे लागेल, आणि त्यापूर्वी काढलेला वाढीचा कोणताही दर तात्पुरताच समजावा लागेल.